मालक, सरका

मालक कधी कुणाच्या दारात उभे राहत नसत. एका दाराचा अपवाद होता, आणि त्या दाराला दारच नव्हतं. बाकी कुठंही गेले की चौकटीपाशी येताच अंग आडवं करून ते झटकन आत शिरत. यजमान "या, बसा" म्हणत हात जोडतोय तोवर मालक आतल्या भिंतीला पाठ लावून उभे. लग्नाच्या मांडवातसुद्धा ते कनातीच्या खालून वाकून आत आलेले मी पाहिलेत, धोतराचा सोगा हातात धरून.

दुसरी तऱ्हा एसटीतली. गर्दीत कंडक्टरनं "पुढं सरका" म्हटलं की सगळे सरकत. मालक जागचे हलत नसत. कंडक्टर दुसऱ्यांदा म्हणाला की त्यांचा चेहरा पांढरा पडे, ते घंटीची दोरी ओढत आणि असतील तिथं उतरून उरलेली वाट पायी तुडवत. एकदा त्यांच्याबरोबर मीही असा उतरलोय. वैशाखातली दुपार होती. "मालक, तो बिचारा जागा करा म्हणत होता," असं मी म्हटलं तर म्हणाले, "त्यानं दुसरं काईबी म्हनावं, गुर्जी."

ते माझे घरमालक. गावातही सगळे त्यांना मालकच म्हणत. जमीन बरीच, घरात माणसं दोनच, ते आणि मालकीणबाई. मी त्यांच्या घराच्या कडेच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. गाव जिंतूर तालुक्यातलं, बोरीपासून पायी तासाभरावर. तिथल्या शाळेत मी विज्ञान शिकवत असे. बायकामुलं सेलूला, मुलांच्या शाळेसाठी. शनिवारी एसटीनं जायचं, सोमवारी पहाटे परत यायचं, आणि मधले दिवस मालकीणबाईंच्या हातचं तूप खाऊन पोट वाढवायचं, असा माझा संसार चालू होता. सेलूच्या डॉक्टरांनी ते पोट दाबून पाहिलं आणि फिरायला जात जा म्हणाले. त्यांना काय जातंय सांगायला? आमच्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात फिरायला गेलेला माणूस चपला तिथंच सोडून घरी येतो.

मालक रोज शाळा सुटायच्या सुमाराला हातात लाठी घेऊन बाहेर पडत आणि दिवस मावळायच्या आत परतत. पंचा घामानं भिजलेला असे. पन्नाशी ओलांडलेली, पण चाल विशीतली. एक दिवस मी विचारलं, "मालक, मला शिकवाल का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या पायांकडे पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाले, "पाय बरे हायत."

माझ्या शरीरातल्या कुठल्याही भागाला तोवर कुणी बरं म्हटलं नव्हतं. मी हुरळलो.

मालक स्वतःही लहानपणापासूनचे पैलवान वगैरे नव्हते. पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांनी काठी धरली. परभणीच्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे ते दर आठवड्याला एसटीनं जात. उस्तादांनी काठी फिरवायला शिकवली, पवित्रे शिकवले आणि वार शिकवायला घेतले तेव्हा मालक म्हणाले, मारायचं सोडून बाकीचं शिकवा. उस्ताद भडकले. "दुश्मन आया तो क्या करते? हार डालते क्या?" म्हणाले. हा किस्सा सांगताना मालक हसत. मी त्यांना हसताना पाहिलं ते एवढ्याच जागी. "मी उस्तादांला म्हनलं, मला कुनाला मारायचं न्हाई. मला उभं ऱ्हायचंय. उभं ऱ्हायचं शिकवता का?"

मला त्यांनी दोन्ही शिकवलं, म्हणजे अडवायचं नीट आणि मारायचं, उस्तादांच्या बाकी चेल्यांचं पाहून ठेवलेलं, कामापुरतं. सुरुवातीचे काही आठवडे फक्त ढेकळं. मी काठी आडवी धरून उभा, आणि मालक समोरून शेतातली ढेकळं उचलून मला मारतायत. ढेकूळ काठीवर फुटलं पाहिजे, अंगावर नाही. माझ्या अंगावरच जास्त फुटली. खांदा एवढा धरला की फळ्यावर खडू चालेना. मी मुलांना पाठ वाचायला लावून खुर्चीत बसून राही. पण पोट उतरायला लागलं, झोप लागायला लागली, आणि चौतिसाव्या वर्षी आपल्याला काहीतरी नवं येतंय या आनंदानं मी वेडा झालो. सेलूला घरच्या गच्चीवर दांडीनं हात करून दाखवले. बायकोनं मुलांना आत घेतलं.

मालकांची सरावाची जागा मला पहिल्यापासून आवडली नव्हती. गावाच्या उगवतीकडे शेवटचं घर संपलं की थोडी मोकळी जागा होती आणि पलीकडे वस्ती. वस्तीच्या अलीकडच्या टोकाला एका घराची रिकामी जागा होती. भिंती गुडघ्याएवढ्या उरलेल्या, वरून काळ्या. आत एरंड माजलेला. दर्शनी बाजूला दगडी उंबरा तेवढा शाबूत. मालक त्या उंबऱ्याला पाठ करून उभे राहत, रस्त्याकडे तोंड. मी समोरून जायचं आणि वार करायचा. त्यांनी तो अडवायचा. पुन्हा जायचं. जागा सोडून ते कधी पुढं आले नाहीत, आणि उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊलही टाकलं नाही. शेळी आत शिरू लागली तरी बाहेरूनच हाकलत.

माझी ढेकळं संपून खरा सराव सुरू झाला त्या दिवशी ते म्हणाले, "गुर्जी, वार करायच्या आंदी म्हनायचं, 'मालक, सरका.'"

मला वाटलं, नाटकातल्यासारखं काही असेल. मी छाती फुगवून दरडावून म्हटलं.

"असं न्हाई," ते म्हणाले. "हळू म्हना. घरच्या मानसानं म्हनल्यावानी. आपुलकीनं."

मी हळू म्हटलं, "मालक, सरका." मी वार केला तो त्यांनी अडवला, पण डोळे माझ्यावर नव्हते. माझ्या खांद्यावरून मागं, रिकाम्या रस्त्याकडे ते पाहत होते, जणू तिथं बरीच माणसं उभी आहेत. दुसऱ्या दिवशी जाऊ नये असं वाटलं, आणि मी गेलो.

खोकला मला ऐकू आला तो त्याच महिन्यात. आम्ही दम खायला थांबलो होतो. मालकांच्या मागून, त्या पडक्या जागेतून, कुणीतरी खोकलं. म्हाताऱ्या बाईचा असतो तसा खोकला, शेवटी "हूं" करून उसासा. मी वाकून आत पाहिलं. एरंड, काळ्या भिंती, चुलीचे दगड. एरंड सगळीकडे छातीएवढा झाला होता, चुलीभोवतीची तेवढी जागा मोकळी होती. गवताची काडीसुद्धा नाही.

"कोण आहे आत?" मी विचारलं.

"तिला धूळ सोसत न्हाई," मालक म्हणाले. "जरा हळू पाय टाका."

मी विज्ञानाचा मास्तर. आवाज कसा निर्माण होतो, कसा पसरतो, भिंतीवर आदळून कसा परत येतो हे मी दर वर्षी मुलांना शिकवत होतो. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी वस्तीतल्या सगळ्या म्हाताऱ्या, सगळ्या शेळ्या आणि वाऱ्याची दिशा यांचा हिशोब लावत होतो. तो काही लागला नाही. रात्री जेवताना मी मालकीणबाईंना विचारलं. मालक ओट्यावर होते. बाईंनी आवाज उतरवला.

"नामांतराच्या दंगलीच्या सालची गोष्ट हाय, गुर्जी. इद्यापीठाच्या नावावरनं जिकडंतिकडं पेटलं होतं. हितंबी जमाव आला. थोडे भाईरचे, थोडे आपलेच. त्या घरात म्हातारी ऱ्हायची, सुईन. ह्येंला तिनंच जन्माला घातलं. लेक हयात नव्हता तिचा, नातवंडं होती. ह्ये पळत गेले. गाडीचं शिवळं न्हाईतर काठी, काय घावलं ते घेतलं आन् तिच्या दारात उभे ऱ्हायले."

"मग?"

"मग काय. जमावात ह्येंचा चुलतभाव होता. त्यानं म्हनलं, 'मालक, सरका.' ह्ये सरकले."

बाईंनी माझ्या ताटात भाकरी वाढली. "कुनी हात लावला न्हाई की शिवी दिली न्हाई. सरका म्हनलं आन् सरकले. घर जळालं. पोरं मागचं भिताड फोडून निगाली म्हनत्यात, परभनीला गेली. म्हातारी त्येंच्यासंगं गेली का न्हाई, कुनी बघितलं न्हाई. पोलिसांनी राख उकरली, काई घावलं न्हाई. ह्ये म्हनत्यात, ती आतच हाय."

"परभणीला जाऊन विचारायचं ना. दर आठवड्याला तर जात होते."

"तेच तर. मी लय येळा म्हनलं. पर इचारलं आन् ती तिथं नसली तर, गुर्जी?"

मालक परभणीला काठी शिकायला गेले, वर्षानुवर्षं गेले, आणि ज्या माणसांचा ठावठिकाणा तासाभरात लागला असता त्यांच्या दिशेला फिरकले नाहीत. माणूस घाबरतो तो असा. त्यानंतर मला त्यांची कीवही आली आणि त्यांच्याविषयी एक प्रकारची भीतीही वाटू लागली, आणि दोन्ही घेऊन मी रोज सरावाला जात राहिलो.

शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांचे लाठीचे हात ठेवायची कल्पना माझीच. मालक नको म्हणत होते, पण हेडमास्तरांनी गळ घातली. स्टेज म्हणजे चार बाजा जोडलेल्या, मागं पांढरी चादर. मालक वर चढले, चादरीला पाठ करून उभे राहिले, आणि उभेच राहिले. लोकांना वाटलं होतं काठी गरगर फिरेल. पोरं हसायला लागली. मग मालक म्हणाले, "कुनीबी या. मला वलांडून त्या चादरीला हात लावा."

गावातला तगडा पैलवान मिशीला पीळ देत वर गेला. त्यानं उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, वाकून पाहिलं. प्रत्येक वेळी काठी आधीच तिथं. लोक शिट्ट्या वाजवत होते. मग पैलवानानं सगळं बळ एकवटून मुसंडी मारली आणि मध्येच थांबला. कुणी अडवलं नव्हतं त्याला. तो तसाच मागं मागं सरकत खाली उतरला आणि गर्दीतून निघून गेला. शिट्ट्या बंद झाल्या. मी त्याला पाणवठ्यापाशी गाठलं. तो तोंड धूत होता.

"काय झालं रे?"

"गुर्जी, त्येंच्या मागं म्हातारी बसल्याली होती," तो म्हणाला. "चादरीच्या म्होरं. माझ्याकडं बघून तिनं मान हालिवली. नको म्हनल्यावानी."

तो पैलवान दारू पीत नव्हता. आणि गावात नवा होता, सासुरवाडीला येऊन राहिलेला. त्या घराबद्दल त्याला काही माहीत असण्याचं कारण नव्हतं.

वर्षं गेली. माझी बदली दोनदा निघाली, दोनदा मी खटपट करून ती थांबवली. बायकोला वाटे मला मालकीणबाईंचं तूप सोडवत नाही. खरं कारण मलाही नीट सांगता आलं नसतं. सराव अंगात भिनला होता, आणि मालक थकत चालले होते. आधी त्यांचा गुडघा गेला, मग डाव्या हाताला कंप सुटला. करडईचं तेल लावून काठी लखलखीत, पण धरणारी बोटं वाकडी. खोकल्याकडे मी आताशा लक्ष देत नसे. घरात कुणी म्हातारं माणूस खोकलं तर आपण देतो का?

"मी गेल्यावर?" एक दिवस ते म्हणाले. "पुन्ना कुनी आलं आन् सरका म्हनलं तर?"

"आता कोण येतंय, मालक? किती वर्षं झाली."

"तवाबी कुनी येईल असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले, आणि माझ्या पायांकडे पाहत राहिले. मी पायात चप्पल सरकवली आणि विषय बदलला. त्यांना काय हवंय ते मला चांगलं कळत होतं. पुन्हा सरकायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्यांच्या आयुष्यात उरली होती, आणि ती पुरी व्हायच्या आत शरीर दगा देणार याची त्यांना धास्ती होती.

आणि मग खरंच कुणी आलं. विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागायला अजून वर्षभर होतं. हिवाळ्यातली, उन्हं कललेली दुपार. मी रोजच्यासारखं हळू, आपुलकीनं म्हटलं, "मालक, सरका," आणि माझ्या मागं कुणाचीतरी पावलं थबकली. मी वळून पाहिलं. तिशीतला माणूस, पँट, स्वेटर, पायात बूट. दोन्ही हातांनी छातीशी पांढऱ्या कापडात बांधलेलं एक मडकं धरलेलं. तो माझ्याकडे असा बघत होता की मला काठी लपवावीशी वाटली.

तो माझ्या शेजारून पुढं गेला. उंबऱ्यासमोर थांबून सरळ आवाजात म्हणाला, "मालक, जरा सरका. आत जायचंय."

मालकांची काठी वर गेली. जो माणूस मारायचं कधी शिकला नाही त्यानं मारलं. मी कसा मध्ये पडलो ते मला आठवत नाही. हातात मुंग्या आल्या आणि कळलं की त्यांचा घाव माझ्या काठीवर बसलाय. खाली ते मडकं होतं, वीतभर अंतरावर.

"आत म्हातारी हाय," मालक धापा टाकत म्हणाले. "कुनाला जाऊ देनार न्हाई."

त्या माणसानं मडकं आणखी जवळ धरलं. "म्हातारी हितं हाय," तो म्हणाला. "मी तिचा नातू. गेल्या हप्त्यात वारली. परभनीला. माझ्या चुलीपाशी ठेव म्हनली होती, म्हनून आनली."

म्हणजे इतकी वर्षं ती जिवंत होती. मालक जिच्यासाठी दार अडवून उभे होते, तिलाच आता आत येऊ देत नव्हते. मालकांनी सावकाश मान वळवून मागं पाहिलं, एरंडाकडे, चुलीकडे. "मग आत कोन खोकतंय?" त्यांनी विचारलं. नातवानं माझ्याकडे पाहिलं. मी विज्ञानाचा मास्तर, मी जमिनीकडे पाहिलं.

"आजीनं तुमचं लय नाव काढलं," तो माणूस म्हणाला. "भेटल त्येला सांगायची. मालक काठी घेऊन दारात उभे ऱ्हायले म्हनून आमी मागनं निगालो. हालले न्हाईत म्हनायची."

मालकांनी फक्त गप्प राहायचं होतं. दुसरं काहीच करायचं नव्हतं. चुलतभाऊ मरून गेला होता, जमावातलं कुणी बोलणार नव्हतं, आणि जिच्यासाठी हे सगळं केलं ती स्वतःच त्यांची साक्ष देऊन गेली होती. मला वाटत होतं, त्यांनी बोलू नये.

"मी सरकलो होतो," मालक म्हणाले. "कुनी ढकललं न्हाई मला. सरका म्हनले, मी सरकलो."

"ठावं हाय," नातू म्हणाला. "मी शेवटाला निगालो. भिताडातनं निगताना वळून बघितलं. दारात तुमी नव्हता." त्यानं मडक्यावरचं कापड सारखं केलं. "आजीला सांगितलं न्हाई. तिला तेवढंच होतं. आन् मी काई विसरून आलो न्हाई, मालक. मी तिला ठेवायला आलोय."

मालकांनी काठी अंगाशी घेतली. आधी उजवा पाय मागं घेतला, मग डावा, आणि ते बाजूला झाले. इतकी वर्षं मी त्यांना सरका म्हणत होतो. सरकताना त्या दिवशी पाहिलं.

नातवानं बूट काढले आणि तो उंबरा ओलांडून आत गेला. चुलीपाशी बसून त्यानं खिशातल्या खुरप्यानं खड्डा केला. मडकं ठेवलं. मग बसल्या जागेवरून म्हणाला, "माती द्यायला या. तुमाला तिनं जन्माला घातलंय."

मालक जागचे हलेनात. उंबऱ्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले. "गुर्जी, मी आत गेलो तर दारात कुनी न्हाई."

मी चप्पल काढली आणि उंबऱ्याला पाठ करून उभा राहिलो, रस्त्याकडे तोंड. माझ्या मागं मालकांचं पाऊल उंबऱ्यापलीकडे पडलेलं ऐकू आलं, मग एरंडाची पानं बाजूला झाली, मग माती पडल्याचा आवाज, एकदा, पुन्हा एकदा. मग खोकला. तोच, शेवटी "हूं" करणारा. दोघा पुरुषांपैकी कुणाचाच नव्हता तो.

"बस की रं लेकरा," बाईमाणूस बोललं, अगदी जवळून. "किती येळ उभा ऱ्हाशील?"

वस्तीतल्या कुणी मालकांना एकेरीत बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मालक खाली बसल्याचा आवाज तेवढा आला, आणि थोड्या वेळानं ते रडायला लागल्याचा. मी मागं वळून पाहिलं नाही. रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं, तरी मी काठी आडवी धरून दिवस मावळेपर्यंत तसाच उभा राहिलो.